जाळीत बसलेला चुना : अंजनगाव सुर्जी तालुक्यातील एका ट्यूबवेलच्या कामाच्या नोंदी

ट्यूबवेल गावाच्या नळयोजनेची आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळाच्या पट्ट्यात, म्हणजे गोटे, रेती आणि चिकणमाती यांच्या थरांत ती खोदलेली आहे. इथून दक्षिणेला दर्यापूरकडे उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो. म्हणून या भागातली गोड्या पाण्याची एकेक ट्यूबवेल टिकवण्याला मोल आहे.

नोंदवहीतली मूळ माहिती : खोली ९२ मीटर, बोअर ४०० मिमी, आत २०० मिमीचा लोखंडी पाईप, भोवती रेतीचा भराव. जाळीचे, म्हणजे १.६ मिमी फटींच्या पाईपचे तीन तुकडे : ४६ ते ५५ मीटर, ६४ ते ७३ मीटर आणि ८० ते ८६ मीटर. त्याखाली गाळ साठायला ६ मीटरचा बंद पाईप. पंप ६० मीटरवर, वरच्या दोन जाळ्यांमधल्या बंद पाईपात. खोदली तेव्हा पाण्याची स्थिर पातळी २७ मीटर होती आणि तासाला २४,००० लिटर उपशाला पातळी ६ मीटर खाली जात होती.

४ डिसेंबर २०२३

पूर्वी साडेपाच तासांत भरणारी टाकी आता अकरा-बारा तास घेते. वाल्व्ह पूर्ण उघडला की थोड्या वेळात पाणी दुधाळ येते आणि अँपिअर हेलकावे खातात. याचा अर्थ पंप हवा ओढतो आहे. म्हणून वाल्व्ह दाबून चालवणे सुरू आहे.

सरपंचांकडे दोन सल्ले आधीच आले होते : पंप बदला किंवा नवी ट्यूबवेल मारा. दोन्ही खर्चाचे आहेत, म्हणून आधी दोष कुठे आहे ते पाहायचे ठरले. वाल्व्ह पूर्ण बंद करून अर्धा मिनिट पंप चालवला आणि दाब वाचला. या पंपाच्या तक्त्याप्रमाणे शून्य प्रवाहाला ९२ मीटर उंची मिळायला हवी. त्यातून आजची स्थिर पातळी ३४ मीटर वजा केली की वर ५८ मीटर उरतात, म्हणजे दाबमापीवर चौरस सेंटिमीटरला साधारण ५.८ किलो. वाचन ५.६ आले. इंपेलर, म्हणजे पंपाची फिरती चाके, झिजलेले नाहीत आणि कॉलम, म्हणजे पंपापासून वर येणारा पाईप, कुठे फुटलेला नाही. पंप ठीक आहे, दोष ट्यूबवेलमध्येच आहे.

(बंद वाल्व्हवर पंप एका मिनिटापेक्षा जास्त चालवू नये, पाणी आतच तापते.)

६ डिसेंबर

टप्प्याटप्प्याने उपसा चाचणी घेतली. प्रत्येक टप्पा एक तासाचा. प्रवाह २०० लिटरच्या ड्रमने आणि स्टॉपवॉचने मोजला, पातळी कॉलमशेजारी सोडलेल्या पाईपातून विजेच्या टेपने घेतली.

तासाला ६,००० लिटरला पातळी ५.४ मीटर उतरली, ९,००० ला ९.६ मीटर आणि १२,००० ला १४.९ मीटर.

उपसा दुप्पट झाला तर उतार, म्हणजे पातळीची घट, जवळजवळ तिप्पट झाला. जमिनीतून वाहताना होणारा उतार उपशाच्या प्रमाणात वाढतो. अरुंद फटीतून पाणी जोराने घुसताना होणारा उतार उपशाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उताराला उपशाने भागून आलेख काढला की हे दोन भाग वेगळे होतात. १२,००० ला आलेल्या १४.९ मीटरपैकी ८ मीटरहून जास्त उतार या दुसऱ्या प्रकारचा निघाला. भूजल आटलेले नाही. पाणी जाळीबाहेर उभे आहे, त्याला आत यायला वाट नाही. अशा वेळी नवी ट्यूबवेल खोदली असती तर तीही त्याच रीतीने चालवून काही वर्षांत बुजवली असती.

आणखी एक आकडा महत्त्वाचा. ३४ मध्ये १४.९ मिळवले की चालू पातळी ४८.९ मीटर येते, आणि वरची जाळी ४६ मीटरला सुरू होते. म्हणजे पंप चालू असताना जाळीचा जवळपास ३ मीटर भाग उघडा पडतो, तिथून पाणी धबधब्यासारखे आत पडते आणि हवेत मिसळते. स्थिर पातळी २७ होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. पातळी उतरली, पण उपसा तोच ठेवला गेला.

९ डिसेंबर

पाण्याचा सामू (पीएच) ट्यूबवेलच्या तोंडावर तिथेच मोजला : ७.४. त्याच पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पोचून तपासली जाईपर्यंत सामू ८.० झाला. बाकीचे आकडे प्रतिलिटर असे : विरघळलेले क्षार ८६० मिग्रॅ, कॅल्शियम कठीणपणा ३२० मिग्रॅ, अल्कता ४२० मिग्रॅ, लोह १.४ मिग्रॅ. पाण्याचे तापमान २८ अंश.

या आकड्यांवरून रिझनर निर्देशांक काढला. पाणी चुना सोडेल की विरघळवेल, हे तो सांगतो. तोंडावरच्या सामूने तो ६.२ येतो, प्रयोगशाळेच्या सामूने ५.६. ६ च्या खाली गेला की पाणी चुना सोडते. दोन्ही वाचने बरोबर आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या स्थितींची आहेत. जमिनीखाली दाबाखालच्या पाण्यात कर्बवायू विरघळलेला असतो आणि त्याच्या जोरावर चुना बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात राहतो. दाब पडला की वायू निसटतो, सामू चढतो आणि चुना खडा होऊन बसतो. बाटलीत सावकाश झाले तेच जाळीपाशी, जिथे दाब एकदम पडतो तिथे, रोज घडते आहे. उपसा जितका ओढून, तितका दाब जास्त पडतो आणि तितका चुना जास्त बसतो. फटी अरुंद झाल्या की दाब आणखी पडतो. हे चक्र आपोआप थांबत नाही.

म्हणून कुठल्याही ट्यूबवेलचा सामू जागेवरच मोजावा. नुसत्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून आम्लाचे प्रमाण ठरवू नये.

१४ डिसेंबर

तिपाई आणि चेन-पुली लावून पंप वर काढला. ४५ ते ५० मीटरच्या टप्प्यातल्या कॉलम पाईपवर बोटभर जाडीचा राखाडी-पिवळा थर आहे. पंपाच्या गाळणीवर तपकिरी, बुळबुळीत थर आहे.

कॅमेरा सोडला. ४६ ते ५१ मीटर : फटी जवळपास दिसतच नाहीत, फुलकोबीसारखे गठ्ठे आहेत. ५१ ते ५५ : अर्ध्या फटी उघड्या. मधली जाळी : पातळ थर, त्यावर तपकिरी झुपके. खालची जाळी : बरीच स्वच्छ. ८८ मीटरवर कॅमेरा टेकला, म्हणजे तळाच्या ६ मीटरपैकी ४ मीटर गाळाने आणि गळून पडलेल्या खपल्यांनी भरले आहेत. पाईपला भोक पडलेले किंवा सांधा उघडा पडलेला कुठे दिसला नाही. हे पाहिल्याशिवाय आम्ल घालण्याचा निर्णय घेता येत नाही. पाईप सडलेला असेल तर त्याला धरून ठेवणारा चुना विरघळला की रेती आत कोसळते.

थराचा तुकडा काचेच्या पेल्यात घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले. जोरात फसफसले, बहुतेक विरघळला, तळाला थोडा तपकिरी साका राहिला आणि द्रव पिवळा झाला. म्हणजे मुख्य चुना, सोबत लोह. गाळणीवरचा बुळबुळीत थर लोहजिवाणूंचा आहे. तव्यावर तापवला तेव्हा काळा पडला आणि वास सुटला.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती टाळून केलेला रासायनिक खर्च वाया जाऊ शकतो. पांढरा थर फसफसला नाही तर तो जिप्सम असू शकतो, त्यावर हे आम्ल चालत नाही. बुळबुळीत थर जास्त असेल तर आम्ल त्याच्या वरूनच निघून जाते, आतल्या चुन्यापर्यंत पोचत नाही. तेलविहिरींतही हाच नियम आहे. तिथे कच्च्या तेलातले अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड घटक, दाब उतरताना वेगळे होऊन नळीत बसते, आणि वायू सुटायला लागतो त्या दाबाच्या आसपास सर्वांत जास्त बसते. ते काढायला झायलीन, टोल्युइन असे द्रावक लागतात. चुना समजून तिथे आम्ल सोडले तर अस्फाल्टीनचा चिकट गाळ होऊन विहीर आणखी बुजते. थर ओळखल्याशिवाय औषध ठरत नाही.

१५ डिसेंबर

आम्ल कोणते, हे ठरवले. बाजारातले ३० टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक स्वस्त आहे, एक लिटर साधारण ०.४७ किलो चुना विरघळवते. पण त्याची वाफ पंपघरात कोंडते, सांडले की भाजते आणि जुना लोखंडी पाईप खाते. सल्फॅमिक आम्ल पांढऱ्या भुकटीच्या रूपात येते, एक किलोला साधारण ०.५ किलो चुना विरघळतो. महाग पडते आणि सावकाश काम करते, पण वाफ नाही आणि लोखंडाला कमी त्रास. गावात, गावच्या माणसांच्या हातून करायचे काम आहे, म्हणून सल्फॅमिक. आम्लाने लोखंड खाऊ नये म्हणून त्यात मिसळायचे रसायन, म्हणजे इनहिबिटर, मात्र त्यातही हवेच.

प्रमाण : पाईपात मीटरला ३१ लिटर पाणी, भरावाच्या पोकळीत साधारण २८ लिटर. जाळीची एकूण लांबी २४ मीटर, म्हणजे सुमारे १,४०० लिटर. त्याला पहिला डोस ९० किलो. गरज पडली तर दुसरा, अर्धा.

१८ डिसेंबर

आधी ब्रश. पोलादी तारांचा, पाईपाला घासेल इतक्या मापाचा ब्रश सळईवर लावून तिन्ही जाळ्यांवर खालीवर चालवला. पीव्हीसी जाळी असती तर नायलॉनचा वापरला असता. वरच्या जाळीवर पहिल्या फेऱ्यांत ब्रश अडकत होता. तिथे जोर न करता हाताहाताने पुढे सरकवला. ओढाताण केली तर ब्रश तुटून आत राहतो.

मग बेलरने, म्हणजे तळाला झडप असलेल्या लांब नळकांड्याने, तळ उपसला. खपल्या, काळा-तपकिरी गाळ, थोडी रेती. संध्याकाळी तळ ९१ मीटरला लागला. हाताने जे निघते ते आम्लाने काढू नये. तळात पडलेल्या खपल्या आम्ल पिऊन टाकतात आणि जाळीला काही उरत नाही.

१९ व २० डिसेंबर

जिवाणूंच्या थरासाठी क्लोरीन. गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असतेच, पण ती इथे वापरली नाही, कारण तिच्यात न विरघळणारा चुना असतो आणि आपण चुनाच काढायला बसलो आहोत. १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट ५.२ लिटर घेतले. ट्यूबवेल आणि भरावातले मिळून २,६०० लिटर पाणी धरले तर हे लिटरला २०० मिग्रॅ होते. पातळ करून पाईपाने तिन्ही जाळ्यांवर सोडले आणि रात्रभर ठेवले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरने उपसून काढले. पाणी चहासारखे आले, त्यात बुळबुळीत चिंध्या. जलसुरक्षकांनी क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यात उरलेले क्लोरीन दाखवणाऱ्या संचाने, तपासत ठेवले, क्लोरीन शून्य येईपर्यंत उपसा थांबवला नाही. क्लोरीन शिल्लक असताना आम्ल गेले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून हायपोचे कॅन आणि आम्लाच्या गोण्या एका खोलीत ठेवलेल्या नाहीत, आणि दोन्हींचा दिवसही वेगळा ठेवला.

२१ डिसेंबर

आम्लाचा दिवस. सकाळी पंपघराचे दार आणि खिडक्या काढून ठेवल्या. कारण साधे आहे : ९० किलो आम्लाने ४६ किलो चुना विरघळला तर २० किलो कर्बवायू निघतो, म्हणजे जवळपास ११ घनमीटर. तो हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो. शेजारच्या वावरातल्या उघड्या विहिरीत आज कोणी उतरू नये, असे आदल्या दिवशीच सांगितले होते. दिवा सोडून पाहण्याच्या पद्धतीवर भिस्त ठेवू नये. हवेत ४ टक्के कर्बवायू माणसाच्या जिवाला धोक्याचा असतो, पण तेवढ्याने ज्योत विझत नाही.

रबरी हातमोजे, चष्मा, गमबूट, एप्रन. जवळ स्वच्छ पाण्याचा ड्रम आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी.

प्लास्टिकच्या सहा ड्रममध्ये प्रत्येकी १०० लिटर पाणी, त्यात उत्पादकाने दिलेल्या मापाने इनहिबिटर, मग १५ किलो भुकटी ढवळत. आधी पाणी, मागाहून आम्ल. भुकटी वरून तशीच ओतली तर ती तळाला जाऊन बसते आणि वरच्या जाळीला आम्ल मिळतच नाही.

द्रावण पाण्यापेक्षा जड असते, म्हणून खालून सुरुवात. २५ मिमीच्या एचडीपीई पाईपाने खालच्या जाळीला एक ड्रम, मधल्या जाळीला दोन, वरच्या जाळीला तीन, पाईप हळूहळू वर ओढत. फसफस तोंडापर्यंत ऐकू येत होती. तोंड झाकले नाही. झाकले तर वायूचा दाब आम्ल वर फेकतो. वाकून आत पाहण्याची सर्वांना मनाई.

त्यानंतर सर्ज ब्लॉक, म्हणजे कन्व्हेयर पट्ट्याच्या रबराच्या दोन चकत्या पोलादी पट्ट्यांमध्ये दाबून केलेला १९० मिमीचा दट्ट्या. मीटरभर खालीवर. सुरुवात हळू आणि जाळीच्या वरच्या बंद पाईपात. एकदम जाळीत जोर केला तर रेती आत येऊन दट्ट्या अडकतो. हेच या दिवसाचे खरे काम. नुसते आम्ल ओतून ठेवले तर ते पाईपाच्या आत पडून राहते, तर चुना फटीच्या पलीकडे रेतीच्या भरावातही बसलेला असतो. दट्ट्या आम्लाला त्या भरावात ढकलतो आणि परत ओढतो.

५० मीटरवरून काढलेल्या नमुन्याचा सामू : एका तासाने १.५, चार तासांनी २.२, आठ तासांनी ३.६. सामू ३ च्या वर गेला म्हणजे आम्ल संपत आले. ते रात्रभर तसेच ठेवले तर विरघळलेले लोह पुन्हा साका होऊन भरावात बसते. त्यामुळे संध्याकाळीच उपसले.

२२ डिसेंबर

दुसरा डोस ४५ किलो, तीनही ड्रम फक्त वरच्या जाळीवर. पुन्हा दट्ट्या. आठ तासांनी सामू १.९ वरच राहिला. आम्ल शिल्लक आहे, पण खायला चुना मिळत नाही. म्हणजे आम्ल पोचू शकते तेवढा चुना संपला. तिसरा डोस घालण्यात अर्थ नाही, फक्त पाईप खाल्ला जाईल.

उपसलेले आम्लाचे पाणी ताडपत्री अंथरलेल्या ४ × ३ × ०.८ मीटरच्या खड्ड्यात घेतले. भिजवलेला चुना थोडा थोडा टाकत सामू ७ पर्यंत आणला, २५ किलोच्या एका गोणीत भागले. ते पाणी नाल्यात किंवा संत्र्याच्या बागेत सोडलेले नाही. सल्फॅमिकपासून होणारा एक क्षार तणनाशक म्हणून वापरला जातो, त्यामुळे झाडांपासून दूर बरे.

२३ डिसेंबर

कॉम्प्रेसरने दिवसभर फ्लशिंग. हवेचा पाईप उपसा पाईपाच्या तोंडापासून २ मीटर आत ठेवला. हवा थेट जाळीवर मारली तर ती रेतीच्या भरावात अडकून बसते आणि पाण्याची वाट पुन्हा बंद होते. दहा मिनिटे उपसा, पाच मिनिटे बंद, असे चालवले. बंद केल्यावर मागे पडणारे पाणी भराव हलवते. दुपारी रेती आली, संध्याकाळपर्यंत बादलीच्या तळाला दाणा दिसेना आणि सामू मूळच्या ७.४ वर आला.

२६ डिसेंबर

सामू पूर्ववत असल्याची खात्री करून ५० मिग्रॅ प्रतिलिटर क्लोरीनने निर्जंतुकीकरण केले, रात्रभर ठेवून उपसले, जिवाणू तपासणीचा नमुना पाठवला. अहवाल येईपर्यंत गावाला जुन्या विहिरीचेच पाणी.

चाचणी पुन्हा घेतली. तासाला १२,००० लिटरला उतार ४.२ मीटर (आधी १४.९). १८,००० ला ७.० मीटर. मूळ क्षमतेशी, म्हणजे मीटरभर उताराला मिळणाऱ्या पाण्याशी, ताडले तर दोन तृतीयांशाच्या आसपास परत मिळाली. उरलेली मिळणार नाही. भरावाच्या बाहेरच्या बाजूचा चुना रेतीला सिमेंटसारखा धरून बसला आहे, तिथे दट्ट्याचा जोर पोचत नाही. तीन-चार वर्षे आधी काम झाले असते तर बरेच जास्त सुटले असते. म्हणून क्षमता २५ टक्के घसरली की काम हाती घ्यावे, अर्ध्याच्या खाली जाण्याची वाट पाहू नये.

तुलना नेहमी सारख्याच उपशावर करावी. वेगवेगळ्या उपशाचे आकडे शेजारी ठेवले तर ट्यूबवेल सुधारल्याचा किंवा बिघडल्याचा खोटा भास होतो.

५ जानेवारी २०२४

ग्रामपंचायतीत जोराची मागणी होती की आता पुन्हा १८-२० हजारांचा उपसा घ्यावा. नको. आकडे असे : लोकसंख्या २,४००, माणशी ५५ लिटर, दिवसाला १,३२,००० लिटर. तासाला १४,००० लिटरने साडेनऊ तास लागतात. सकाळी पाच तास, संध्याकाळी साडेचार तास. १४,००० ला उतार साधारण ५.१ मीटर. उन्हाळ्यात स्थिर पातळी ३९ पर्यंत गेली तरी चालू पातळी ४४ च्या आसपास राहते, जाळी पाण्याखालीच. १८,००० घेतले तर त्याच उन्हाळ्यात ती ४६ ला टेकते आणि चुन्याचा कारखाना पुन्हा सुरू होतो.

१० एचपीचा पंप वाल्व्हने दाबून चालवण्यापेक्षा ७.५ एचपीचा बसवला. ठिकाण तेच, ६० मीटर, बंद पाईपात. खालच्या जाळ्यांचे पाणी मोटरवरून जाते आणि ती थंड राहते. कॉलमला २५ मिमीचा पाईप बांधला, त्यातून टेप सोडून पातळी घेता येते. हा पाईप नसेल तर पुढचे काहीच कळत नाही, म्हणून पंप उतरवताना तो कोणी वाचवू नये.

स्टार्टरजवळ फलक लावला : चालू पातळी ४४.५ मीटरच्या खाली गेली की वाल्व्ह आवळा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पंप रात्रभर बंद ठेवून स्थिर पातळी घ्या, मग एक तास १२,००० वर चालवून उतार लिहा.

जिवाणू अहवाल चांगला आला. पुरवठा सुरू.

२९ मे

स्थिर पातळी ३८.६. १४,००० ला चालू पातळी ४३.९. वरची जाळी पाण्याखाली आहे. १२,००० वरचा उतार महिनावार : ४.२, ४.२, ४.३, ४.३, ४.४. थोडी वाढ दिसते, त्यातली काही पातळी उतरल्यामुळे असेल. पावसाळ्यानंतर पातळी भरल्यावरचे वाचन आले की ते वेगळे करता येईल.

पुढच्या कामाची मर्यादा नोंदवहीत लाल शाईने लिहून ठेवली : १२,००० लिटरला उतार ५.६ मीटर. तिथे पोचले की पंप काढणे, कॅमेरा, ब्रश, आणि थराचा तुकडा पेल्यात तपासूनच आम्ल. इनहिबिटर आणि दट्ट्याचे रबर तेव्हा नव्याने घ्यायचे. या वेळचे रबर आम्लाने कडक झाले आहे.